चुलीपुरती परवानगी

ऑनलाइन व्हिडिओच्या मराठी दुनियेत बायकांना पहिली जागा मिळाली ती स्वयंपाकघरात. यूट्यूबची भारतीय आवृत्ती २००८ मध्ये आली. पुढच्याच वर्षी मधुरा बाचल यांनी अमेरिकेतून पाककृती दाखवायला सुरुवात केली. त्यानंतरची काही वर्षे जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावलसाठी कोरडीच गेली. डेटा महाग होता.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओचे स्वस्त इंटरनेट आले आणि इथल्या व्हिडिओचे खरे दशक सुरू झाले. खानदेशी विनोदाला कोट्यवधी प्रेक्षक मिळाले, पण नाव झाले ते मालेगावच्या 'छोटू दादा'सारख्या पुरुषांचे. त्याआधी मालेगावच्या हौशी सिनेमालाही नट्या बाहेरूनच आणाव्या लागत. बाईने बामणोदच्या वांग्यांचे भरीत केले, बिबडे (ज्वारीचे पापड) थापले, तर घरचे कौतुकाने फोन धरतात. तीच इथल्या लेवा गणबोलीत नवऱ्याची नक्कल करू लागली, की गाव बोलू लागते. मुळात फोनच सगळ्याजणींच्या हाती नव्हता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील ३८ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते, पुरुषांपैकी ६१.५ टक्क्यांनी.

या दशकात चुलीबाहेरची मोकळीक थोडीफार दिली ती टिकटॉकने. काही सेकंदांच्या त्या व्हिडिओला ना संकलन शिकावे लागे, ना शहरी उच्चार. मे २०२० मध्ये टिकटॉकवाल्यांची टिंगल करणारे यूट्यूबवरील व्हिडिओ लाखोंनी उचलून धरले. २९ जूनला सरकारने चीनबरोबरच्या सीमावादाच्या पार्श्वभूमीवर हे चिनी ॲपच बंद केले. शहाण्यांनी टाळ्या वाजवल्या. जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गमावलेल्या बायकांची विचारपूस फारशी कोणी केली नाही.

उरले यूट्यूब. २०१८ पासून जाहिरातींच्या कमाईसाठी तिथे १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहिले जाणे ही अट आली. शेत, स्वयंपाक आणि म्हाताऱ्यांची उस्तवार आटोपून उरलेल्या वेळात ती गाठायची. त्यातही ईमेल आणि बँक खाते मुलाच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असले, तर चेहरा बाईचा आणि पैसा दुसऱ्याच्या हाती. नगर जिल्ह्यातील सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजे पाककृतींच्या चॅनेलवरची 'आपली आजी', नातवाच्या मदतीने पुढे आल्या. असा नातू प्रत्येकीला मिळत नाही.

प्रतिक्रियांचा जाच तर जगभरचा आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी विज्ञानविषयक व्हिडिओंखालच्या २३ हजारांहून अधिक प्रतिक्रिया तपासल्या. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. स्त्रियांच्या वाट्याला टीका जास्त आलीच, शिवाय रूपावरचे शेरेही जास्त आले. विज्ञान सांगणारीची ही गत, तर नाचणारीची काय असणार! प्रतिक्रिया बंद करण्याची सोय यूट्यूबवर आहे. मात्र ती वापरली, की बिबड्यांची ऑर्डर विचारणाऱ्या गिऱ्हाइकांचीही तिथली वाट बंद होते.