मुक्त विदा, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली नोंदवही

राज्य शासने आपल्या कारभारात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करू लागली आहेत. वैद्यांचा व औषधीनिर्मात्यांचा या विषयाशी संबंध काय, असा प्रश्न स्वाभाविक आहे. तेलंगणाच्या उदाहरणावरून त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

शासनाने जमविलेली माहिती, उदाहरणार्थ पर्जन्यमान, बाजारभाव, पीकक्षेत्र, यंत्रास वाचता येईल अशा स्वरूपात सर्वांसाठी खुली करणे, यास ‘मुक्त विदा’ म्हणतात. तेलंगणाने २०१६ मध्ये याविषयीचे धोरण स्वीकारले. पुढे खम्मम जिल्ह्यातील सुमारे ७,००० मिरची उत्पादकांसाठी ‘सागु बागु’ हा प्रकल्प राबविला गेला. माती परीक्षण, मिरचीची यंत्राद्वारे गुणवत्ता तपासणी आणि भ्रमणध्वनीवरून पीकसल्ला हे त्याचे स्वरूप होते. प्रकल्पाच्या निष्कर्षांनुसार एकरी उत्पादन २१ टक्क्यांनी वाढले व कीटकनाशकांचा वापर ९ टक्क्यांनी घटला. ऑगस्ट २०२३ मध्ये तेथे कृषिविषयक विदेच्या देवाणघेवाणीची स्वतंत्र व्यवस्था सुरू झाली. महाराष्ट्र मंत्रिमंडळानेही जून २०२५ मध्ये ‘महाॲग्री-एआय’ धोरणास मान्यता दिली.

हीच पद्धती उद्या औषधी वनस्पतींना लागू झाल्यास काय होईल? यंत्रास स्वतःचा विवेक नसतो. ते नोंदींवरून शिकते. मिरची सर्वत्र मिरचीच असते. ‘रास्ना’ मात्र उत्तर भारतात प्लुचिया लॅन्सिओलाटा, दक्षिणेत आल्याच्या कुळातील अल्पिनिया गलंगा, तर बंगालमध्ये वॅन्डा या नावाने ओळखली जाणारी वनस्पती असते. एकीचे पान वापरतात, दुसरीचा कंद. खरेदीवहीत केवळ ‘रास्ना’ असे लिहिले, तर यंत्र तीन द्रव्ये एकच समजेल. त्यावरून काढलेला मागणीचा अंदाज चुकेल आणि लागवडीचा सल्लाही चुकेल. रुग्णपत्रिकेचेही तसेच. आमवात व संधिगतवात या दोहोंस ‘सांधेदुखी’ म्हटल्यास निदानातील भेद पुसला जातो.

हा दोष टाळण्याची साधने उपलब्ध आहेत. आयुष मंत्रालयाच्या ‘नमस्ते’ संकेतस्थळावर २०१७ पासून व्याधींच्या प्रमाणित संज्ञा व संकेतांक आहेत. जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याधी वर्गीकरणातही आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या संज्ञांचा विभाग समाविष्ट झाला.

म्हणून सभासदांस आमची विनंती अशी. द्रव्याचे शास्त्रीय नाव, वापरलेला भाग, संग्रहाचे स्थान व काळ खरेदीवहीत नोंदवावेत. निदानापुढे प्रमाणित संकेतांक लिहावा. मात्र रुग्णाची ओळख ही मुक्त विदा नव्हे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे भान ठेवून, रुग्णाच्या संमतीवाचून त्याची माहिती कोणासही देऊ नये.

आपण जे संदिग्ध लिहू, ते यंत्र चुकीचे शिकेल आणि त्या चुकीवर शासनाचे निर्णय आधारले जातील. द्रव्यपरीक्षा ही आपली परंपरा आहे. तिची नोंद ठेवणे हेही आता आपलेच कर्तव्य आहे.