हँडलपासून सेल्फपर्यंत

गॅरेजात मोटारीच्या स्टार्टरला आपण आजही 'सेल्फ' म्हणतो. 'सेल्फ घेत नाही' ही तक्रार कुणी ऐकली नसेल? हा शब्द आला 'सेल्फ-स्टार्टर'वरून. त्याआधी गाडी सुरू करायची म्हणजे समोर उभे राहून हँडल मारायचे. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचे. वयस्कर माणसांना आणि बहुतेक स्त्रियांना एकट्याने गाडी बाहेर काढणे अवघड होते. दिवेही ॲसिटिलीन वायूचे, काडीने पेटवायचे.

ही अडचण सोडवली अमेरिकेतील डेटन शहराच्या चार्ल्स केटरिंग यांनी. ते आधी रोकड मोजणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात होते. तिथे त्यांनी गल्ल्याच्या यंत्राला विजेची छोटी मोटर बसवली होती. ती दिवसभर चालायची नव्हती. क्षणभर जोर लावला की तिचे काम संपले. हेच तत्त्व त्यांनी मोटारीला लावले. एडवर्ड डीड्स यांच्या घरामागच्या कोठारात काही सहकारी नोकरी सांभाळून रात्री आणि सुट्टीच्या दिवशी काम करत. १९०९ साली त्यातून 'डेल्को' कंपनी उभी राहिली आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर, दिवे आणि इग्निशन एकत्र आले.

पण बॅटरीतून वीज काढली तर ती परत भरायला हवी. म्हणून डायनमो आला आणि खरी परीक्षा इथेच सुरू झाली. कारखान्यातला डायनमो एकाच वेगाने फिरतो. मोटारीचा मात्र कधी गल्लीत रांगतो, कधी मोकळ्या रस्त्यावर सुसाट सुटतो. म्हणून तो वेगवेगळ्या वेगाने फिरवून किती करंट देतो, हे मीटर लावून पाहावे लागे. त्यातून एकेक सुधारणा होत गेली.

पहिली सुधारणा कट-आउट. इंजिन बंद किंवा फार मंद असले की बॅटरीची वीज उलटी डायनमोत शिरते आणि बॅटरी उतरते. कट-आउट अशा वेळी जोडणी तोडतो.

दुसरी सुधारणा तिसरा ब्रश. वेग वाढला की या ब्रशमुळे डायनमोच्या चुंबकाला मिळणारी वीज आपोआप कमी होते आणि करंट हाताबाहेर जात नाही. युक्ती स्वस्त होती, पण बॅटरी भरली आहे की रिकामी, हे तिला कळत नसे. दिवसभराच्या लांब प्रवासात भरलेली बॅटरी तापून तिचे पाणी आटायचे. म्हणून काही चालक भरदिवसा दिवे लावून गाडी हाकत!

तिसरी सुधारणा व्होल्टेज रेग्युलेटर. त्याचे संपर्क थरथरत उघडतात, मिटतात आणि बॅटरीच्या गरजेइतकाच करंट जाऊ देतात. १९३०च्या दशकात तो सर्रास दिसू लागला. पुढे १९६०च्या सुमारास क्रायस्लरने व्हॅलियंट मोटारीत अल्टरनेटर दिला. इंजिन मंद चालत असतानाही तो वीज देतो, आणि त्यातले डायोड उलटा प्रवाह रोखत असल्याने कट-आउटही लागत नाही.

आपल्या कितीतरी घरांतली मुले ऑटो-इलेक्ट्रिशियनचे काम शिकत आहेत. त्यांना आम्ही एवढेच सांगू, की पार्ट बदलण्याआधी मोजायला शिका. कारची १२ व्होल्टची भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. आकडा वाढलाच नाही, तर आधी पट्टा, मग वायरच्या जोडण्या, मग कार्बन ब्रश पाहा. फार वाढला, तर रेग्युलेटर तपासा. दोन मिनिटांच्या या तपासणीने गिऱ्हाइकाचा नव्या बॅटरीचा खर्च वाचू शकतो, आणि असे गिऱ्हाईक पुन्हा तुमच्याकडेच येते.