टप काढायचाय? आधी छत बघा!

मिशिगनमधली थंडी एप्रिल संपत आला तरी हटत नाही. मग मे महिन्यात एक दिवस लख्ख ऊन पडतं आणि रस्त्यावरच्या जीप रँग्लर एकेक करून बिनटपाच्या फिरायला लागतात. ही गाडी शेजारच्या ओहायोतल्या टोलिडोत बनते, त्यामुळे इथे तिचं भारी कौतुक. मी आणि माझ्या रूममेटने सेकंडहँड रँग्लर घेतली, तेव्हाच ठरलं होतं, यंदा आपणही टप काढायचा!

पुढची दोन पॅनल्स सोपी. आतल्या खिट्ट्या फिरवल्या की निघतात. खरी परीक्षा मागच्या अखंड भागाची. काचेसकट त्याचं वजन चांगलंच. मॅन्युअल सांगतं, चार कोपऱ्यांना चार मोठी माणसं हवीत. सांगलीत नुसती हाक मारली असती तर दहा जण आले असते आणि वर चहाही मागितला असता. इथे रविवारी सकाळी कुणाला उठवणार? म्हणून मग गॅरेजमध्ये हॉइस्ट लावायचं ठरवलं.

सामान साधंच. हाताने फिरवायचा विंच, चार कप्प्या, वायरचा दोर आणि टपाखालून घ्यायचे रुंद पट्टे. पण सगळा भार शेवटी छतावर येतो. इथल्या गॅरेजचं छत म्हणजे लाकडी तुळया आणि खाली प्लास्टरचे पातळ बोर्ड. बोर्डात स्क्रू मारला तर टप तुमच्या बॉनेटवर आलाच म्हणून समजा. त्यामुळे आधी तुळई शोधायची, ती एवढं वजन पेलेल का हे जाणकाराला विचारायचं आणि जाड स्क्रू तिच्यातच घ्यायचे. गॅरेजचं दार उघडताना छतालगत आत सरकतं, तेही विसरू नका. टांगलेला टप त्याच्या वाटेत यायला नको.

आम्ही हे सगळं केलं. बोल्ट काढले, डबीत ठेवले, विंच फिरवायला लागलो. टप दोन इंच उचलला गेला आणि डावा मागचा कोपरा अडकला. 'बघतो काय झालंय,' म्हणत रूममेट वाकून थेट टपाखाली! मी जिवाच्या आकांताने ओरडलो, 'बाहेर हो आधी!' विंच उलटा फिरवून टप खाली घेतला. बघतो तर काय, मागच्या काचेच्या हीटरची आणि वायपरची वायर, शिवाय पाण्याची नळी, तशीच जोडलेली. आणखी चार इंच ओढलं असतं तर वायर तुटलीच असती. आणि टप एका बाजूला कलंडला असता तर? तो विचार अजूनही नको वाटतो.

त्या दिवसापासून आमचे तीन नियम आहेत. आधी वायर आणि नळी सोडवायची. दोन इंच उचलून थांबायचं आणि चारही कोपरे बाहेरूनच बघायचे. आणि लटकत्या टपाखाली कुणीही जायचं नाही, मोबाइल पडला तरी! टप वर गेला की गाडी हळूच बाहेर काढायची आणि विंचच्या भरवशावर न राहता वेगळे पट्टे बांधून टप अडकवायचा.

आपल्याकडच्या थारवाल्यांनो, हे वाचून लगेच पाना हातात घेऊ नका. रँग्लरचा टप काढता येईल असाच कंपनीने बनवलाय. प्रत्येक गाडीचं तसं नसतं.

आणि हो, दुसऱ्यांदा टप काढला तेव्हा शेजारचे दोघे आपणहून कोपरे धरायला आले. हॉइस्ट होताच, पण काम खरं सोपं झालं ते त्यांच्यामुळे. चहा अर्थात आम्हीच केला.