सामाईक प्रारंभाचा पाठ : यू-बूट या बूटलोडरच्या एकीकरणातील पाठनिश्चितीचा प्रश्न

निरनिराळ्या प्रोसेसरकुलांसाठी स्वतंत्रपणे वाढलेल्या, परंतु मुळात एकच काम करणाऱ्या अनेक संगणकीय संहिता २०१३ ते २०१६ या काळात एका सामाईक संहितेत विलीन करण्यात आल्या. प्रस्तुत लेखात या घटनेचा परिचय करून द्यावयाचा आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांपुढे ती मांडण्याचे कारण असे की, अनेक पाठांतून एक पाठ सिद्ध करताना संपादकाला जे प्रश्न पडतात, ते येथे अधिक कठोर रूपात भेटतात. दोन पाठांतील कोणता भेद सहेतुक मानावा आणि कोणता केवळ नकलेच्या ओघात शिरलेला, हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवावे, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

१. स्थळ आणि संदर्भ

बंगळूरच्या इंदिरानगर भागाला लागून जुना मद्रास रस्ता जातो. या रस्त्यावर बैयप्पनहळ्ळी येथे प्रगत संगणन विकास केंद्राचे, म्हणजे सी-डॅकचे, बंगळूर केंद्र आहे. ही संस्था १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. पुढे याच मालिकेतील 'परम पद्म' बंगळूर केंद्रात उभा राहिला. त्यात आयबीएमचे २४८ पॉवर-४ प्रोसेसर होते आणि जून २००३ मध्ये जगातील पाचशे महासंगणकांच्या यादीत त्याचा क्रमांक १७१ वा होता.

परम मालिकेचा इतिहास हा एका अर्थाने प्रोसेसरकुले बदलण्याचा इतिहास आहे. परम ८००० मध्ये इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. परम ९००० आणि परम १०००० यांत सनच्या स्पार्क कुलातील प्रोसेसर आले. पद्ममध्ये पॉवर आणि २००८ च्या परम युवामध्ये इंटेल. नाव एकच राहिले, परंतु नावाखालचे यंत्र वेळोवेळी जात बदलून आले. या महासंगणकांत यू-बूट नव्हते. ते मुख्यतः राउटर, औद्योगिक नियंत्रक, मोबाइल यंत्रे अशा लहान संगणकांसाठी लिहिले गेले. तरीही यंत्राची जात बदलली म्हणजे प्रारंभाचा पाठ किती बदलावा लागतो, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे, आणि परमच्या उदाहरणावरून त्याची व्याप्ती ध्यानात येते.

२. प्रारंभ म्हणजे काय

संगणकाची कळ दाबल्यानंतर लिनक्ससारखी कार्यप्रणाली ताबा घेईपर्यंत जी लहानशी आज्ञावली काम करते, तिला बूटलोडर म्हणतात. तिची अडचण विलक्षण आहे. कोणत्याही आज्ञावलीला टिपणे ठेवण्यासाठी स्मृती लागते. परंतु मुख्य स्मृती वापरण्याजोगी करणे हेच बूटलोडरचे पहिल्या कामांपैकी एक असते. त्यामुळे सुरुवातीचा भाग तो कायमस्वरूपी स्मृतीत, म्हणजे फ्लॅशमध्ये, आहे त्या जागीच राहून आणि अगदी तुटपुंज्या तात्पुरत्या जागेच्या आधाराने पार पाडतो. मुख्य स्मृती सिद्ध झाली की तो स्वतःचीच प्रत तिच्यात उतरवतो आणि पुढचे काम त्या प्रतीतून करतो. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात, तसे हे दोन भाग आहेत.

पहिल्या क्षणाबाबत मात्र प्रत्येक प्रोसेसरकुलाची रीत वेगळी. इंटेल कुलातील प्रोसेसर चार गिगाबाइटच्या सीमेच्या सोळा बाइट अलीकडे जागा होतो आणि तेही १९७८ च्या ८०८६ या पूर्वजाच्या सोळा बिटी वळणाने. जुना आर्म प्रोसेसर सामान्यतः शून्य क्रमांकाच्या पत्त्यावर जागा होतो. ट्रान्सप्युटरची तऱ्हा याहून निराळी : तो कायमस्वरूपी स्मृतीतून जागा होऊ शके, किंवा शेजाऱ्याकडून जोडतारेवरून येणाऱ्या निरोपाची वाट पाहत बसे. निरोपाच्या पहिल्या बाइटमध्ये एकाहून मोठी संख्या असेल, तर तितके बाइट घेऊन तो कामाला लागे.

हे भेद यंत्राच्या घडणीतून आलेले आहेत, त्यांना लेखकाची लहर कारण नाही. ते पुसता येत नाहीत. परंतु त्यांच्यापलीकडे गेल्यावर घड्याळाची गती ठरवणे, अक्षरे उमटवणारी जोडणी सुरू करणे, स्मृती मोजणे, प्रत उतरवणे हा कामांचा क्रम सर्वत्र बव्हंशी एकसारखा आहे. एकीकरणाला वाव मिळतो तो येथे.

३. नकलांची वंशावळ

यू-बूटचे मूळ १९९९ च्या सुमारास मॅग्नस डॅम यांनी मोटोरोलाच्या पॉवरपीसी प्रोसेसरसाठी लिहिलेल्या '८एक्सएक्सरॉम' या बूटलोडरमध्ये आहे. २००० मध्ये जर्मनीतील वोल्फगांग डेंक यांनी तो हाती घेतला आणि 'पीपीसीबूट' या नावाने खुला केला. त्यातून आर्म कुलासाठी 'आर्मबूट' ही शाखा फुटली. २००२ च्या नोव्हेंबरात दोन्ही शाखा पुन्हा एका छत्राखाली आल्या आणि प्रकल्पाला यू-बूट हे नाव मिळाले. नावातील 'यू' हे सार्वत्रिकतेचे आद्याक्षर. जर्मन भाषेत मात्र या शब्दाचा अर्थ पाणबुडी असा होतो.

छत्र एक झाले तरी पाठ एक झाला नाही. नवे प्रोसेसरकुल आले की त्यासाठी 'बोर्ड.सी' नावाची स्वतंत्र फाइल तयार होई. आधीच्या एखाद्या कुलाची फाइल समोर ठेवायची, तिची नक्कल करायची, आपल्या यंत्राला न मानवणाऱ्या ओळी गाळायच्या आणि हव्या त्या घालायच्या, ही रूढ पद्धत होती. अशा रीतीने एका आदर्श प्रतीपासून अनेक प्रती आणि त्या प्रतींपासून आणखी प्रती निर्माण झाल्या. एका प्रतीत दुरुस्त झालेली चूक दुसरीत तशीच राही. एका प्रतीत आलेली सोय दुसरीत कोणी उतरवून घेतली तरच पोहोचे. हस्तलिखितांची वंशावळ मांडणाऱ्या अभ्यासकाला हे दृश्य परिचयाचे वाटेल.

४. एकीकरणाची रीत

मार्च २०१३ मध्ये सायमन ग्लास यांच्या पुढाकाराने सामाईक प्रारंभाची संहिता यू-बूटमध्ये दाखल झाली. प्रत्येक कुलाच्या 'बोर्ड.सी'च्या जागी दोनच फाइली आल्या : प्रत उतरवण्यापूर्वीच्या कामांसाठी 'बोर्ड_एफ.सी' आणि नंतरच्या कामांसाठी 'बोर्ड_आर.सी'. पहिलीतील 'एफ' फ्लॅशचा आणि दुसरीतील 'आर' मुख्य स्मृतीचा, म्हणजे रॅमचा.

या फाइलींचा गाभा म्हणजे कामांच्या नावांची एक लांब यादी. आज्ञावली यादीतील एकेक काम क्रमाने करीत जाते आणि एखादे फसले की थांबते. भेदांची व्यवस्था या यादीत तीन प्रकारे लावलेली आहे. काही कामे विशिष्ट कुलापुरतीच आहेत. त्यांच्याभोवती अटीचे कुंपण आहे आणि ते कुल निवडले नसेल तर ती ओळ संहितेत जणू नसतेच. काही कामांचे नाव सर्वांसाठी एक, परंतु कृती ज्याची त्याने पुरवायची. तिसऱ्या प्रकारात सामाईक संहिता स्वतःच एक कृती देऊन ठेवते, मात्र ती 'दुबळी' असल्याचे जाहीर करते. एखाद्या बोर्डाने आपली कृती दिली तर ती आपोआप वरचढ ठरते.

याचे एक बोलके उदाहरण पाहू. प्रारंभकाळातील सर्व महत्त्वाची टिपणे एका लहान संचयात ठेवली जातात. पूर्वी प्रत्येक कुलाची या संचयाची रचना वेगळी होती; आता ती एका सामाईक फाइलीत आली. परंतु हा संचय कोठे ठेवला आहे हे सांगणारी खूण आर्म कुलात प्रोसेसरच्या नवव्या रजिस्टरात असते, तर पॉवरपीसीत दुसऱ्या. हा भेद तसाच राहिला, कारण त्या त्या कुलाच्या भाषांतरकाने, म्हणजे कंपायलरने, कोणती रजिस्टरे मोकळी सोडावीत याचे संकेत वेगळे आहेत. थोडक्यात, काय सांगायचे हे सामाईक झाले. कोठे ठेवून सांगायचे हे कुलाकडेच राहिले.

५. भेदाचा अर्थ कोणी लावावा

खरा पेच क्रमाचा होता. दोन कुलांच्या फाइलींत तीच दोन कामे उलटसुलट क्रमाने आढळली, तर त्याचा अर्थ काय? कधी क्रमाला सबळ कारण असते. अक्षरे उमटवणाऱ्या जोडणीची गती साठवलेल्या मांडणीतून वाचायची असेल, तर मांडणी आधी सिद्ध व्हायला हवी. येथे क्रम उलटणे शक्य नाही. कधी मात्र नकलकाराला सोयीचे वाटले म्हणून एक ओळ वर गेलेली असते. संहितेकडे नुसते पाहून दोहोंतील फरक ओळखता येईलच असे नाही.

वरवर निरर्थक भासणाऱ्या ओळींचेही तसेच. पॉवरपीसीच्या पाठात मधूनमधून 'वॉचडॉग'ला चुचकारणाऱ्या ओळी होत्या. वॉचडॉग म्हणजे ठरावीक वेळात खूण मिळाली नाही तर यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू करणारा पहारेकरी. ज्या यंत्रात तो जागा नसतो, तेथे या ओळी रिकाम्या आहेत. परंतु पुनरुक्ती समजून त्या गाळल्या असत्या, तर ज्या नियंत्रकात पहारेकरी जागा आहे तो प्रारंभाच्या मध्येच पुनःपुन्हा सुरू होत राहिला असता. अटीच्या रूपाने त्या ओळी सामाईक यादीतही ठेवण्यात आल्या.

येथे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९१९ मध्ये आरंभलेले आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेले ते कार्य, विशेषतः १९२५ पासून वि. स. सुखटणकर यांनी त्याला दिलेली शिस्त, आपल्या अभ्यासकांना परिचित आहे. दोन्हींत साम्य आहे तसाच मूलभूत भेदही आहे. सुखटणकरांचा शोध उपलब्ध प्रतींच्या आधारे पोहोचता येईल अशा प्राचीनतम पाठाचा होता. सामाईक प्रारंभाच्या संपादकांना मूळ पाठ हाताशीच होता, पण तो त्यांना नको होता. सर्व प्रतींच्या यंत्रांवर चालेल असा, पूर्वी कधीच नसलेला पाठ त्यांना हवा होता. शिवाय त्यांच्या पाठभेदांना तळटीप नव्हती. भेद ठेवायचा तर अटीच्या रूपाने मुख्य पाठातच ठेवावा लागे.

आणि प्रमाण काय? संपादकाचा तर्क येथे अपुरा पडतो. पाठ बरोबर आहे की नाही हे ते विशिष्ट बोर्ड टेबलावर घेऊन, त्यात नवी संहिता भरून, कळ दाबल्यावरच कळते.

६. साक्षीदाराचा प्रश्न

म्हणून एकीकरण एका आदेशाने झाले नाही. सुरुवातीला जुना आणि नवा पाठ शेजारी शेजारी नांदले. ज्याच्या देखरेखीखाली बोर्ड असेल त्याने आपल्या यंत्रावर नवा पाठ तपासावा आणि मग एका ओळीने तो स्वीकारावा, अशी व्यवस्था होती. ज्यांनी तो स्वीकारला नव्हता त्यांच्यासाठी संहिता बांधली जात असतानाच सूचना उमटे : हे बोर्ड सामाईक प्रारंभावर आणा, अन्यथा २०१४ अखेर ते काढले जाईल. प्रत्यक्षात ही मुदत लांबली. सर्व कुले आणि बोर्डे नव्या पाठावर यायला २०१६ चा मध्य उजाडला.

या सूचनेत एक कठोर तत्त्व दडलेले आहे. येथे पाठ टिकतो तो त्याच्या प्राचीनतेमुळे किंवा गुणामुळे नव्हे, तर त्याच्या बाजूने उभा राहणारा जिवंत साक्षीदार असल्यामुळे. पुढे २०१७ मध्ये एव्हीआर३२ आणि ब्लॅकफिन ही कुलेच यू-बूटमधून वगळण्यात आली. ब्लॅकफिनच्या बाबतीत नोंदवलेले कारण एवढेच की, त्याची देखभाल करणारे कोणी उरले नव्हते. त्यांची संहिता नष्ट झाली नाही. बदलांच्या इतिहासात ती अक्षर न् अक्षर जपलेली आहे. परंतु भोवतालचा पाठ रोज पुढे जात असल्याने ती दिवसेंदिवस वाचनीय पण अचल होत जाते. महाभारताच्या आवृत्तीत एकाच प्रतीत सापडलेल्या ओळीलाही तळटीपेत किंवा परिशिष्टात जागा मिळाली. चालत्या पाठाला हे औदार्य परवडत नाही.

या घटनेतून तौलनिक अभ्यासाला घेण्यासारखे ते हे. सामाईक म्हणजे सर्वांची सरासरी नव्हे, आणि सर्वांत प्रबळ प्रतीचा सर्वांवर लादलेला पाठही नव्हे. यू-बूटमध्ये सामाईक ठरला तो कामांचा क्रम, त्यांची नावे आणि भेदासाठी मुद्दाम राखून ठेवलेल्या जागा. भारतीय साहित्याच्या एकत्वाची चर्चा आपण करतो तेव्हा बहुधा आशयसाम्यावर भर देतो. भेदाला नेमकी कोणती जागा राखून ठेवली, हे क्वचितच विचारतो. आणि ती जागा भरण्यासाठी त्या त्या भाषेचा जाणकार बैठकीला उपस्थित आहे काय, हे त्याहून क्वचित. जो अनुपस्थित राहतो त्याच्या पाठातील सहेतुक ओळ प्रमाद ठरण्याची शक्यता मोठी असते, आणि ती गळाली हे सांगायलाही मग कोणी उरत नाही.