पहिल्याच रात्री बंदची नोटीस!

पहिल्या खेळाच्याच रात्री बंद करण्याची नोटीस निघालेले नाटक पुढे १६७२ प्रयोग करते, ही हकीकत मला परीकथेहूनही अद्‌भुत वाटते. या संगीत नाटकाचे नाव ‘द विझ’. ५ जानेवारी १९७५ रोजी ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले.

गोष्ट जुनीच, एल. फ्रँक बॉम यांनी १९०० साली सांगितलेली. वावटळीने ओझच्या राज्यात नेऊन टाकलेली डोरोथी, अक्कल मागणारे बुजगावणे, हृदय मागणारा पत्र्याचा माणूस नि भित्रा सिंह! १९३९ च्या चित्रपटाने ही मंडळी घरोघर पोचवली. पण ती डोरोथी गोरी होती. येथे मात्र सारा नटसंच कृष्णवर्णीय, आणि चार्ली स्मॉल्स यांचे संगीतही त्यांच्याच घरातले, सोल आणि गॉस्पेलच्या वळणाचे. डोरोथी झाली होती सतरा वर्षांची स्टेफनी मिल्स.

काही टीकाकारांनी नाके मुरडली. मग टेलिव्हिजनवर जाहिरात झळकली, कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी एकमेकांना सांगितले, आणि नाटक तरले. त्याच वर्षी त्याला सात टोनी पारितोषिके मिळाली. त्यांतली दिग्दर्शनाची व वेशभूषेची दोन्ही जेफ्री होल्डर यांची.

मला मोल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. हौसेने पोराला नाटकाला न्यावे आणि रंगमंचावर त्याच्यासारखे कोणीच दिसू नये, हे शल्य आईबापच जाणोत! ‘द विझ’ने ते थोडे तरी हलके केले. घरी परतण्याची शक्ती डोरोथीच्या पायांतल्या चंदेरी बुटांतच असते. या मंडळींनीही आपली वाट आपल्याच पायांनी शोधली.