कडबा, पिंजर आणि वाढे

धान्य घरी आले की पीक संपले, असे नगरवासी वाचकास वाटते. गोठ्याचे पीक तेथून सुरू होते. आपल्या बेळगाव भागात वैरण ह्या शब्दाच्या पोटात किती वस्तू येतात पाहा : ज्वारीचा कडबा, बाजरीचे सरमाड, भाताचे पिंजर, उसाच्या शेंड्याचे वाढे, भुईमुगाचे वेल, तूर-हरभऱ्याचे भुसकट. ही नावे म्हणजे नुसते शब्दवैभव नव्हे. प्रत्येकामागे जनावराच्या पोटाचा निराळा हिशेब आहे. 'चारा' ह्या एकाच कार्यालयीन शब्दात सारे कोंबले की तो हिशेब हरवतो.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव आपल्याला न पचणारे तंतू पचवितात. मात्र त्यांना स्वतःला नत्र लागते. वेल आणि भुसकट द्विदल पिकांचे, म्हणून त्यांत प्रथिने बरी. कडब्यात व पिंजरात ती शेकडा ३ ते ४ च्या आसपास. पिंजरात शिवाय सिलिका फार. नुसत्या पिंजरावर बांधलेला बैल पोट भरूनही रोडावतो तो यामुळे. उपाय स्वस्त आहे. १०० किलो कोरड्या पिंजरासाठी ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावा, थराथरावर शिंपडावा, थर तुडवून दाबावेत आणि हवाबंद झाकून २१ दिवस ठेवावे. युरियातून निघणारा अमोनिया तंतू सैल करतो, नत्रही वाढवितो. उघडल्यावर वास उडू द्यावा व थोड्याथोड्याने सवय लावावी. सहा महिन्यांखालील वासरांना व घोड्यांना ही वैरण घालू नये. युरियाचे पाणी तर गोठ्यापासून दूरच असावे. जनावराने ते प्यायल्यास जिवावर बेतते.

वाढ्याचा धोका निराळा. गळीत हंगामात ते मुबलक आणि हिरवेगार. त्या हिरवेपणालाच माणूस भुलतो. वाढ्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, आणि महिनोन्‌महिने केवळ वाढे खाणाऱ्या दुभत्या गाईम्हशींना त्याची झीज सोसावी लागते. कुट्टी करून कडबा वा वेल मिसळावेत, खनिज मिश्रण द्यावे.

संकरित ज्वारीचे सीएसएच-१ हे वाण १९६४ साली आले. दाणा वाढला, ताट बुटके झाले. पोती मोजणाऱ्यांना तो नफाच वाटला. पेंढ्या मोजणाऱ्यांना नव्हे. रब्बीत मालदांडीने आपली जागा सोडली नाही, ती भाकरीइतकीच तिच्या कडब्यामुळे.