पंख पायात, पण मापाचे!

चप्पल घ्यायला गेलो की दुकानदार म्हणतो, "घट्ट वाटतेय ना ताई? वापरून सैल होईल." आपण घेऊन टाकतो आणि पुढचे आठ दिवस टाचेला पट्टी लावून लंगडतो. मीही जन्मभर हेच केलं. या सवयीची खरी किंमत कळली ती मात्र समुद्रात, ६ मीटर खोल पाण्याखाली.

त्याचं असं झालं. ४२व्या वर्षी मी नगरपालिकेच्या तलावात पोहायला शिकले. मग मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबा केलं. तिथे गाईडनेच मला धरून फिरवलं, पायात फिन्स नव्हतेच. पण ते रंगीत मासे पाहून जीव असा हरखला की, लेकीला घेऊन मी थेट अंदमान गाठलं. स्वराज द्वीपवर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर, रीतसर कोर्स करायला. तो केला की १८ मीटरपर्यंत जाता येतं. मात्र इथे कुणी धरून नेत नाही. हात पोटाशी दुमडून फक्त पायांनी पोहायचं. म्हणून पायात फिन्स, बदकाच्या पायांसारखे पसरट.

पहिल्याच दिवशी बोटीवरच्या मुलाने एक जोड पुढे केला. घातला तर बोटं आत मुडपली. "आंटी, ठीक है?" त्याने विचारलं. मागे चारजण ताटकळत होते. मी म्हटलं, "चलेगा."

नाही चाललं! वीसेक मिनिटांत पोटरीत असा गोळा आला की मास्कच्या आत डोळ्यांतून पाणी. वाटलं, सरळ वर पळावं. पण श्वास रोखून झपकन वर आलं तर फुप्फुसांना इजा होते, जिवावरही बेतू शकतं, हे आदल्या दिवशीच शिकवलं होतं. कशीबशी मूठ उघडमीट करून खूण केली. आमची शिक्षिका आली. तिने माझा पाय सरळ धरला, फिनचं टोक माझ्या दिशेने दाबलं आणि हळूहळू गोळा सुटला.

वर आल्यावर ती म्हणाली, "टोचत होते, तर बोलला का नाहीत?" मला उत्तर सुचेना. लेक मात्र पटकन बोलली, "आई घरीपण असंच करते."

मग त्या मुलीने मला सगळं नीट समजावलं. फिन्स दोन प्रकारचे. एक बंद टाचेचे, अनवाणी पायात घालायचे. हलके, बॅगेत मावणारे, उबदार पाण्यात बोटीवरून उतरायला सोयीचे. पण माप अगदी बरोबर हवं. दुसरे उघड्या टाचेचे, मागे पट्टा असलेले. आत जाड रबरी कापडाचे बूट घालायचे. खडकाळ किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं असेल, तर हेच बरे. घेताना ते बूट घालूनच मापून पाहायचे.

मग पातं. ते जितकं लांब आणि कडक, तितका रेटा जास्त, पण पोटऱ्यांवर ताणही तितकाच. नवशिकीने मध्यम लांबीचं, थोडं लवचीक पातं घ्यावं. शेजारणीच्या पायातले लांबलचक फिन्स पाहून भुलू नये!

आकड्यावर तर अजिबात विसंबू नका, प्रत्येक कंपनीचं माप वेगळं. खुर्चीवर बसून घाला, पाय उचलून हलवून पाहा. बोटं सरळ राहायला हवीत, टाच निसटता कामा नये, पावलावर चिमटा बसता कामा नये. सैल फिन्सही वाईटच. ते पायातून सुटतात नाहीतर पाय सोलतात. शक्यतो आधी दोन-चार वेळा भाड्याचे वापरून पाहा, मग पैसे घाला. आणि हो, पाय मारताना जोर कमरेतून यायला हवा. गुडघ्यातून सायकल चालवल्यासारखं केलंत, तर चांगले फिन्सही दमवतात.

दुसऱ्या दिवशी मी तीन जोड परत केले. चौथा बसला. कुणी रागावलं नाही, बोटही सुटून गेली नाही! त्या दिवशी प्रवाळावरून तरंगत जाताना एक मोठं कासव शेजारून गेलं, आणि पायांची आठवणसुद्धा झाली नाही. मापात बसलेल्या वस्तूची खूण हीच, नाही का?

परवा चप्पल घ्यायला गेले होते. दुकानदार म्हणाला, "सैल होईल ताई."

मी म्हटलं, "नको. दुसरी दाखवा."